दोन निमो आणले, पण जोडी जमेना

खानापूरहून एकांनी विचारलंय: "दोन फुटी रीफ टाकीत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या कोरलवाल्या टाकीत, बारा दिवसांपूर्वी दोन निमो सोडले. दोघं जवळपास एकाच मापाचे. पहिले चार दिवस बरे गेले, आता एक दुसऱ्याला सारखा मारतोय. मार खाणारा हीटरच्या मागे वरच्या कोपऱ्यात उभा असतो, शेपटी फाटलीय, खायलाही येत नाही. दुकानदार म्हणतो, तिसरा आणा म्हणजे मार वाटला जाईल, आणि ॲनिमोनी (समुद्रफूल) नाही म्हणूनच ते बेचैन आहेत. वडील म्हणतात, गोव्याचं समुद्राचं पाणी एवढ्या जवळ असताना मीठ विकत कशाला आणायचं? यातलं खरं काय धरायचं?"

आधी आज रात्रीचं काम सांगते. बाकीचं सावकाश वाचा.

मारणारा मासा वेगळा करा. मार खाणारा नाही, मारणारा. जाळीचा ब्रीडिंग बॉक्स मिळाला तर उत्तम. नसेल तर पारदर्शक प्लास्टिकचा कोरा डबा घ्या, ज्याला साबण कधी लागलेलाच नाही असा. त्याला तापवलेल्या खिळ्याने चारही बाजूंनी भोकं पाडा, कड पाण्याच्या वर राहील असा टाकीत अडकवा आणि दांडगोबाला त्यात ठेवा. बहुतेक लोक कीव येऊन जखमी माशाला डब्यात घालतात. तिथं तो सुरक्षित असतो खरा, पण बाहेरचा दांडगोबा "सगळी टाकी माझी" हे आणखी पक्कं करून घेतो. उलट केलंत तर जखमी मासा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोपरा सोडतो, दगडांतून फिरतो, खायला लागतो. पाच ते सात दिवस असंच राहू द्या.

दुसरं काम: आजच पाण्यातला अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) किटने तपासा, आणि दोन्ही माशांच्या कल्ल्यांची उघडझाप नीट बघा. दोघांचीही धाप वाढली असेल तर दोष पाण्यात आहे. एकट्या जखमी माशालाच धाप असेल तर ती माराची किंवा रोगाची. "पाणी तयार आहे" या दुकानदाराच्या शब्दावर मासे सोडले असतील तर ही तपासणी टाळू नका. गोड्या पाण्याच्या टाकीत थोडा अमोनिया मासे सोसतात, कारण तिथं पीएच सातच्या आसपास असतो. आपल्या टाकीत तो ८.२ च्या आसपास असतो, आणि त्या पीएचला तेवढाच अमोनिया दहापटीहून जास्त विषारी होतो. किटमध्ये ०.२५ जरी दिसला तरी तापमान आणि खारटपणा जुळवून घेतलेल्या पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदला, आणि शून्य येईपर्यंत खाणं अगदी कमी ठेवा.

आता भांडणाबद्दल. जोडी विकत मिळत नाही, ती टाकीत जमते, आणि जमताना थोडी मारामारी होतेच. क्लाऊनफिशची, म्हणजे निमोच्या कुळातल्या माशांची, पिल्लं जन्मतः ना धड नर असतात ना मादी. एका समुद्रफुलात जो गट राहतो त्यातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर, आणि बाकीचे वयात न येता तसेच थांबून राहतात. मादी मेली की नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकून नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ साली हे मांडलं, आणि ही अदलाबदल दांडगाईच्या जोरावर ठरते हेही दाखवलं. पुढे २००३ मध्ये पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या पर्क्युला जातीच्या क्लाऊनफिशवर काम करून दाखवलं, की खालच्या पायरीवरचा मासा आपली वाढच आवरून धरतो. वरच्याच्या मापाच्या जवळ गेलो तर हाकलले जाऊ, म्हणून तो लहानच राहतो.

तुमच्या टाकीतलं भांडण इथेच अडलंय. दोघं एकाच मापाचे. कोण मादी होणार हे मापावरून ठरलेलं नाही, त्यामुळे ते मारामारीतून ठरतंय. दुकानातून उचलतानाच एक चांगला मोठा आणि दुसरा त्याच्या जेमतेम पाऊण असा घेतला, तर निम्मं भांडण दुकानातच मिटतं.

सगळीच मारामारी वाईट नसते. मोठा लहानावर धावून गेला, एखादा चावा घेतला, आणि लहान मासा जागेवर आडवा होऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला, तर आनंद माना. ती थरथर म्हणजे शरणागती: "तूच मोठी, मी मान्य केलं." थंडी वाजल्यासारखं दोन-तीन सेकंद अंग हलतं, आणि मोठा मासा लगेच शांत होतो. माझ्या पहिल्या जोडीत ही थरथर मी नवव्या दिवशी पाहिली. तोवर मला तो आजारच वाटत होता आणि मी औषधाची बाटली हातात घेऊन बसले होते. मात्र थरथरूनही मार थांबत नसेल, पंख फाटत असतील, खाणं बंद असेल, तर तो मासा काही दिवसांत मरेल. तुमचा त्या पायरीवर आलाय, म्हणून डबा.

सात दिवसांनी दगडांची मांडणी थोडी बदला, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातील. दिवे मंद झाल्यावर डब्यातला मासा सोडा आणि तासभर समोर बसा. पुन्हा तोच प्रकार झाला तर आणखी एकदा आठवडाभर डबा. दोनदा करूनही जमलं नाही, तर हट्ट सोडून मार खाणारा मासा दुकानाला परत द्या आणि त्याच्या जागी अगदी बारीक, इंचभराचं पिल्लू आणा. मोठ्या माशाला बारकं पिल्लू धोक्याचं वाटत नाही.

तिसरा आणू नका. समुद्रात खालच्या पायरीच्या माशाला ताटकळत राहायला जागा असते, पळायलाही जागा असते. दोन फुटांत ती नाही. जोडी जमली की दोघं मिळून तिसऱ्याला मारतात, हे मी लोकांच्या टाक्यांत इतक्यांदा पाहिलंय की "मार वाटला जाईल" हा सल्ला ऐकला तरी वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र तपासाच. तुमचे मासे खरंच निमो आहेत ना? आपल्याकडे दुकानात पांढरे पट्टे असलेला कुठलाही मासा निमो म्हणून खपतो. ऑसेलॅरिस म्हणजे खरा निमो: अंग सगळं नारिंगी, तीन पांढरे पट्टे, मधला पट्टा पुढच्या बाजूला फुगलेला. अंग काळपट-तपकिरी आणि शेपटी पांढरी किंवा पिवळी असेल तर तो क्लार्की जातीचा असण्याची शक्यता मोठी. क्लार्की १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, स्वभावाने तापट असतो, आणि दोन फुटांत त्याची जोडी सांभाळणं अवघड. ऑसेलॅरिसची मादी टाकीत आठ-नऊ सेंटीमीटरवर थांबते. मरून क्लाऊन (गडद लाल, फार भांडकुदळ जात) तर या टाकीत घेऊच नका.

आता ॲनिमोनी, म्हणजे समुद्रफूल. समुद्रात या माशांना त्याच्यावाचून जगणं नाही, टाकीत आहे. टाकीत त्यांना खाणारं कोणी नसतं, त्यामुळे आसऱ्याची निकड राहत नाही. पैदास केंद्रात जन्मलेल्या कित्येक माशांनी समुद्रफूल पाहिलेलंही नसतं. ते वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) आडोशाला, दगडाच्या खोबणीत, नाहीतर एखाद्या लेदर कोरलच्या, म्हणजे मऊ प्रवाळाच्या पसाऱ्यात घर करतात आणि खुशाल राहतात. उलट समुद्रफूल नवीन टाकीत टिकत नाही. त्याला जोरदार प्रकाश आणि महिनोन् महिने गुण न बदललेलं पाणी लागतं. जागा पटली नाही की ते चालू लागतं आणि रात्रीत वेव्हमेकरमध्ये ओढलं जातं. सकाळी टाकीत दुधाळ पाणी आणि मेलेले मासे. टाकीला एक वर्ष होईपर्यंत तो विषय काढू नका, आणि काढलात तरी बबलटिप जातीचंच घ्या.

वडिलांचं म्हणणं मात्र अगदी सहज सुचण्यासारखं आहे, कारण मलाही ते सुचलं होतं. गणपतीनंतरच्या आठवड्यात आम्ही चोर्ल्यामार्गे गोव्याला गेलो होतो. येताना पणजीजवळ, मांडवी समुद्राला मिळते तिथून फार लांब नसलेल्या किनाऱ्यावरून वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून आणले. पाणी डोळ्याला स्वच्छ होतं, जिभेला खारट होतं. समुद्राचं पाणी ते, त्यात मोजायचं काय, असं म्हणून मी मोजलं नाही आणि त्याच रात्री निम्मी टाकी बदलली. सकाळी सहाही टर्बो गोगलगायी वाळूवर उलट्या पडल्या होत्या. एकीला उचलून नाकाशी नेलं तर कुजका वास. दुपारपर्यंत मशरूम कोरल सुरकुतून सुपारीएवढे झाले. तेव्हा कुठं कॅनच्या तळाशी उरलेलं पाणी मोजलं: घनता १.०१७. पाहिजे होती १.०२५. जून ते सप्टेंबर घाटातला पुष्कळसा पाऊस मांडवी आणि झुआरीतून किनाऱ्यावर उतरतो आणि समुद्राचं पाणी तिथं पातळ होतं. जांबोटी-कणकुंबीला जो पाऊस आपण बघतो, त्यातलाच काही म्हादईतून, म्हणजे मांडवीच्याच वरच्या पात्रातून जाऊन माझ्या कॅनमध्ये आला होता. मासे एवढा फरक सोसून गेले असते, पण मेलेल्या गोगलगायींनी अमोनिया चढवला आणि तिसऱ्या दिवशी लहान मासा गेला.

तेव्हा वडिलांना सांगा: आणायचंच असेल तर फेब्रुवारी ते मे, भरतीच्या वेळी, नदीच्या मुखापासून आणि बंदरापासून दूर, शक्यतो होडीतून आत जाऊन. आणल्यावर कापडातून गाळून, अंधारात दोन-तीन आठवडे झाकून ठेवून, मग मोजून वापरायचं. लोंढा-अनमोड उतरून एवढं सगळं करण्यापेक्षा मिठाची बादली स्वस्त पडते. तुमच्या टाकीला आठवड्याला सात लिटर नवं पाणी लागतं, त्याला मीठ लागतं पाव किलोच्या जरा वर. मीठ मात्र मरीन मिक्सच. घरातलं मीठ चालत नाही, त्यात जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, कार्बोनेट त्यात नसतात, आणि कोरलला ते लागतातच.

हे मीठ ज्या पाण्यात घालायचं, त्याच्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण आपल्या भागातल्या निम्म्या टाक्या इथे फसतात. बेळगावात नळाला राकसकोपचं किंवा हिडकलचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं. गावाकडे विहीर किंवा बोअर, त्यात क्षार, आणि शेताजवळ असेल तर खताचा नायट्रेट. म्हणून लोक घरातल्या आरओचं पाणी घेतात. ते बरोबरच आहे, पण टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, नाहीतर मिनरलचं कार्ट्रिज असतं, त्यामुळे पाणी ४० ते ८० दाखवतं. आपल्याला हवंय पाचच्या आत. कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या, मिनरलच्या आधी नळी काढून घ्या, आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) एक डबा जोडा. रेझिन रंग बदलतं, तेव्हा बदलायचं.

आणि हे ठळक अक्षरात लिहिलंय असं समजा: कॉपर आरओचं पाणी टाकीत घालू नका. तांबं घातलेलं पाणी माणसाला चांगलं म्हणून ती यंत्रं खपतात, पण गोगलगाय, झिंगा, कोरल, समुद्रफूल यांना तांबं विष आहे, अगदी थोडंसंही. आपल्याकडे आणखी एक सवय आहे, पाणी तांब्या-पितळेच्या घागरीत भरून ठेवायची. माझ्या ओळखीच्या एका घरी सगळं नीट असूनही गोगलगायी टिकत नव्हत्या. तीन महिने आम्ही दिवा बदल, मीठ बदल करत होतो. एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले असताना सासूबाई देवघराशेजारच्या तांब्याच्या घागरीतून तांब्याने पाणी काढून टाकीत ओतत होत्या. शुद्ध आरओचं पाणी, पण रात्रभर घागरीत राहिलेलं. त्यांनी मायेनेच केलं होतं, माशांना चांगलं पाणी म्हणून. फूड ग्रेड प्लास्टिकची घागर आणली, कार्बनमधून (शोषून घेणाऱ्या कोळशातून) पाणी फिरवलं, दोन-तीनदा मोठे बदल केले, आणि गोगलगायी जगायला लागल्या. खानापूरकडे पाऊस भरपूर, म्हणून पावसाचं पाणी धरायचा मोह होतो. तेही पत्र्यावरून आलेलं नको, पत्र्याचं जस्त उतरतं.

मीठ मिसळताना पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी नको. पंप लावून ते फिरत ठेवा, दुसऱ्या दिवशी वापरा. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणाने जुळवून घ्या, नुसत्या पाण्याने शून्य करून भागत नाही.

आता उडणारं पाणी. टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. तुमची टाकी ६० बाय ३८ बाय ३८ सेंटीमीटर धरली तर वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी साधारण ७० लिटर. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, वर पंखा चालू असेल, तर दिवसाला दोन लिटर सहज उडतं. म्हणजे खारटपणा एका दिवसात ३५ चा ३६. चार दिवस लग्नाला गेलात आणि कुणी पाणी भरलं नाही, तर ७० चं ६२ लिटर आणि खारटपणा साडेएकोणचाळीस. आल्यावर घाईने आठ लिटर गोडं पाणी ओतलं की दुसरा धक्का. म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवा. तेवढा खर्च नको असेल तर काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ ओढा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत आरओचं पाणी भरा. भरायचं पाणी नेहमी बिनमिठाचं. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण चूक होते ती आपण नसताना. पाऊस लागला की आपल्याकडे पाणी जवळपास उडतच नाही. एप्रिलच्या हिशोबाने टॉप-ऑफ सेट केलेलं असेल तर जूनमध्ये तो एकदा बघून घ्या.

तापमानात आपण नशीबवान आहोत. मुंबईत, गोव्यात लोकांना पाणी गार करणारा चिलर लागतो. बेळगाव साडेसातशे मीटरच्या वर आहे, खानापूरला तर जंगलाची हवा. एप्रिलमध्ये टाकी तिशीला टेकली तरी पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, आणि वळीव पडला की प्रश्नच मिटतो. गोकाक, अथणी, रायबागच्या लोकांना मात्र मी पंख्यावर विसंबायला सांगत नाही. आपल्याला खरी काळजी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेची. ७० लिटरला १०० वॅटचा हीटर पुरतो, २५ ते २७ अंश ठेवा. हीटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू अवस्थेतच अडकतो आणि मासे शिजतात, म्हणून वेगळा थर्मोस्टॅट कंट्रोलर मध्ये घाला. तो दोन माशांच्या जिवाचा विमा आहे. वायर खाली झोळ देऊन मगच प्लगला न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं खारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. आणि टाकीच्या लाइनला ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. खारं पाणी आणि वीज यांचा खेळ माणसाच्या जिवावर येतो.

लाईट जाण्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुलैत वारं सुटलं, झाड तारांवर पडलं की रात्र अंधारात. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन आधीच कमी मुरतो, आणि पाणी थांबलं की पाच-सहा तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर ठेवा. हीटर आणि दिवा नको, बॅटरी लवकर बसवतील. इन्व्हर्टर नसेल तर यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि भरलेली पॉवर बँक टाकीखाली ठेवून द्या, आणि ती पॉवर बँक मोबाइलला लावू नका.

दगडांबद्दल एक कायद्याची गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ, सी फॅन, फायर कोरल आहेत. म्हणजे वाघाच्या ओळीत. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (जिवाणूंनी भरलेला, टाकीत लावायचा दगड) हा प्रवाळाचाच सांगाडा, त्यामुळे कुणी "गुपचूप मागवून देतो" म्हणालं तरी नाही म्हणा. नाही म्हणायचं कारण दंडापुरतं नाही. तो दगड जिथून फोडला, तिथं तो पुन्हा व्हायला माणसाची पिढी जाते. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात, त्यांच्यात जिवाणू तितकेच बसतात, फक्त चार-सहा आठवडे धीर धरायचा. मधे टाकी तपकिरी होईल, मग हिरवी होईल, दिसायला अगदी नको वाटेल. तेव्हा औषधं ओतू नका. कोरल म्हणून मशरूम, लेदर किंवा झोआ यांपैकी एखाद्या मऊ कोरलचा दुसऱ्याच्या जुन्या टाकीतला तुकडा आणून लावा. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. झोआ लागलेला दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका, ती वाफ माणसाला दवाखान्यात नेते.

मासेही पैदास केलेलेच मागा. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण उरत नाही. पैदाशीचा मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो आणि रोगही कमी आणतो.

दुसरं पिल्लू आणायची वेळ आलीच तर ते बहुधा बंगळूर किंवा मुंबईहून रात्रीच्या बसने पिशवीतून येईल. इथे एक जुना सल्ला घात करतो: "पिशवी उघडा आणि दोन तास थेंब थेंब पाणी सोडा." दहा-बारा तास बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि त्या उतरलेल्या पीएचमुळे पिशवीतला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विष होतो. थेंब सोडत बसाल तर मासा त्यातच पोहत राहतो. लांबून आलेली पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. विकणाऱ्याला त्याच्या पाण्याची घनता आदल्या दिवशी विचारून ठेवा, क्वारंटाइनच्या, म्हणजे नवा मासा वेगळा ठेवायच्या, टाकीतलं पाणी तेवढंच करा, आणि पिशवी उघडताच मासा उचलून त्यात सोडा. पिशवीचं पाणी मोरीत.

क्वारंटाइन म्हणजे फार मोठं काही नाही. तीस लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, महिनाभर. क्लाऊनफिशचा खरा वैरी ब्रुकलिनेला हा परजीवी. अंगावर पांढरट चिकट थर, कातडी सोलल्यासारखी, धाप, आणि एक-दोन दिवसांत मासा जातो. मिठासारखे सुटे पांढरे ठिपके असले तर तो इक नावाचा रोग, त्यात थोडा वेळ हातात असतो. ब्रुकलिनेलाला फॉर्मेलिनचा बाथ आणि इकला तांब्याचं औषध, दोन्ही फक्त क्वारंटाइनमध्येच, आणि मापात. मोठ्या टाकीत तांबं पडलं तर वर घागरीची गोष्ट सांगितलीच आहे.

खाण्याचं सोपं आहे. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढे बारीक दाणे. आठवड्यातून एक-दोनदा सुंगटं (कोळंबी) आणाल तेव्हा त्यातलं एक बाजूला काढा, कवच काढून, धुऊन, मोहरीएवढे तुकडे करून द्या. मसाला लावायच्या आधी.

गणपतीच्या दिवसांत टाकी आणि मखर एका खोलीत असतील तर स्किमर (पाण्यातली घाण फेसाने काढणारं यंत्र) आणि एअर पंपाची हवा ओढणारी नळी खिडकीबाहेर काढा. ते यंत्र खोलीतली हवा पाण्यात घुसळतं. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची लिक्विड मशीन, झुरळांचा फवारा, सगळं त्या वाटेने पाण्यात जातं. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद असताना पीएच ७.८ वर उतरतो तोही याच कारणाने, खोलीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. बाहेर काढलेली नळी दोन्हीला उपयोगी पडते. पाहुण्यांच्या पोरांना मात्र आधीच प्रेमाने सांगून ठेवा, माशांना मोदक नको.

शेवटची गोष्ट तुमच्याच गावची. खानापूरचं मातीकाम प्रसिद्ध आहे, तेव्हा कुंभाराकडून एक लहान, बिनरंगाचं, बिनझिलईचं मडकं आणा. आठवडाभर आरओच्या पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, आणि जोडी जिथं झोपते त्या कोपऱ्यात आडवं ठेवा. जमलेली जोडी वर्ष-दीड वर्षाने एके दिवशी त्या मडक्याची एकच जागा तोंडाने घासायला लागेल, दोघंही, तासन् तास. तिथं संध्याकाळच्या सुमाराला नारिंगी अंड्यांचा थर दिसेल, नखाएवढ्या नाहीतर रुपयाएवढ्या जागेत. नर पंखांनी वारा घालत राहतो, मादी तुमच्या हातावर धावून येते, आणि कान काचेला लावलात तर तिचा टक-टक आवाजही ऐकू येतो. आठव्या दिवसाच्या आसपास अंडी रुपेरी होतात. ते रुपेरीपण म्हणजे पिल्लांचे डोळे. दिवे मालवल्यावर ती बाहेर पडतात. पिल्लं जगवायची तर रोटिफर (त्यांचं पहिलं खाणं असलेले सूक्ष्म जीव) आधीपासून वाढवून ठेवावे लागतात, ते काम वेगळं आणि मोठं आहे. मडकं घासायला लागले की कळवा, तेव्हा रोटिफरची बाटली माझ्याकडून घेऊन जा.